मामाचे पाय, भाचीचे हात

मी एक दोर. अंबाडीचा, तीन पेडांचा. बोलायला बसलो आहे, पण आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. दोराला कसलं भेव, असं तुम्ही म्हणाल. ज्याच्यावर माणसाचं वजन असतं त्याला भेव असतंच. सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

माझा जन्म पातूरच्या अलीकडे, नत्थुजींच्या मळ्यात झाला. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि बांधाला झेंडू, असा त्यांचा मळा. कडेनं अंबाडी लावलेली. पाला भाजीला गेला, बोंडं चटणीला गेली, उरलेल्या काड्या नत्थुजींनी नाल्याच्या डबक्यात भिजत घातल्या. कुजल्यावर साल सोलली, धुतली, वाळवली आणि मला वळायला घेतलं. दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं टोक ताणून धरायचं. टोक त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, धरलं होतं.

"ढिलं काहून सोडून राहिली?"

"तुमीच जास्त पीळ देऊन राहिले. सोभाव कुठी जाईन."

असा मी झालो. मग कितीतरी वर्षं भाजीच्या गाठोड्यांना बांधला गेलो, टेम्पोवर चढलो, अकोल्याच्या बाजारात उतरलो. ओल्या पालकाचा वास अजून माझ्या अंगात आहे. त्या दिवसांत मला भेव नव्हतं. गाठोडं सुटलं तर भाजी सांडायची, एवढंच.

मैनाबाई तापानं गेली. पुढे बाजारातच एक टेम्पो मागे आला आणि नत्थुजींच्या पाठीवर चढला. जीव राहिला, कंबरेखालचं सगळं गेलं. पाय आहेत, पण त्यांना चटका कळत नाही, खडा कळत नाही, मुंगी कळत नाही. ते असे पडलेले असतात की जणू दुसऱ्याच कोणाचे पाय पलंगावर ठेवून दिले आहेत.

शेजारच्या केशवरावांनी मला पलंगाच्या वर मयालीला, म्हणजे छताच्या लाकडी तुळईला, बांधलं. लहानपणापासूनचे दोघं दोस्त. बांधून झाल्यावर म्हणाले, "घे लेका. आता कासरा समजून धर."

मला धरून नत्थुजी उठून बसायचे, कुशीवर व्हायचे, पाण्याचा गडू घ्यायचे. तेव्हापासून मी त्यांना तळव्यांनी ओळखतो. माणूस तोंडानं काहीही सांगो, हाताचा घाम खोटं बोलत नाही.

मुलगा विपुल अमरावतीला नोकरीला. रविवारी यायचा, उभ्या उभ्या बोलायचा.

"बाबा, तिथली संस्था चांगली हाय. डॉक्टर हाय, नर्स हाय, टायमावर जेवन."

"तिथं मले कोन वळखते?"

"वळखून काय करता? निजूनच तर राहाचं हाय."

विपुल वाईट नाही. त्यालाही भेवच होतं. पण त्यानं असं म्हटलं की नत्थुजींचे हात मला धरायचे, उठायचं नसलं तरी. मळ्याची हवा, केशवरावांची टिंगल, खिडकीतून दिसणारा झेंडू, हे सोडून जायचं म्हणजे त्यांच्या लेखी मरायच्या आधीच मरायचं.

तेवढ्यात गावात एक नवी योजना आली. जो उठू शकत नाही त्यानं घरी आपलं माणूस कामाला ठेवायचं आणि पगार सरकारनं थेट त्या माणसाच्या खात्यात टाकायचा. पण माणूस निवडायचं ज्याचं त्यानं. काय काम, कधी, कसं, तेही ज्याचं त्यानं सांगायचं. पटलं नाही तर काढायचंही त्यानंच. योजनेच्या पौर्णिमा मॅडम अकोल्याहून आल्या, खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "नत्थुजी, आजपासून तुम्ही मालक."

नत्थुजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. हा माणूस बैलालाही 'चाल रे बावा' म्हणून विनवायचा. मालक कसा होतो ते त्याला कुठून माहीत असणार?

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "नात्यातलं माणूस ठेवता येत नाही. आणि तुम्हाला सांगता आलं पाहिजे. गप्प राहून हे चालत नाही. नाहीच जमलं, तर मग घरी राहण्याचा पुन्हा विचार करावा लागेल."

त्या सहज बोलल्या असतील. पण त्या शेवटच्या वाक्याला नत्थुजींचा तळवा ओला झाला, तो मला लागला.

पहिली आली माणिकबाई. कामाला झपाटा फार. येताच झाडू, अंघोळ, सैपाक, सगळं तुफानासारखं. पण मी तिच्या डोक्याला लागायचो. म्हणून तिनं मला उचलून मयालीवर टाकून दिलं. संध्याकाळी जाताना खाली सोडायचं ध्यानात राहिलं नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं भेव कळलं. खाली माणूस, वर मी, मध्ये हवा. नत्थुजींनी हात वर केला, बोटं हलवली, हात खाली ठेवला. गडू टेबलावर होता. तहान लागली तरी ते कुशीवर होऊ शकत नव्हते. माझ्याकडे पाहत राहिले. मला सुटून पडता आलं असतं तर मी पडलो असतो.

एक वाक्य बोलायचं होतं. माणिकबाई, दोर खाली सोडत जाय. ती नसताना ते मोठ्यानं म्हणून पाहायचे. चांगलं म्हणायचे, खणखणीत. ती आली की म्हणायचे, "चहा घेतला का बाई?"

केशवरावांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तू मालक हाय का पाव्हना?"

"बाईमानसाले कसं सांगाव?"

"तोंडानं."

"तिले राग आला तर? मी असा पडून. घरात ती अन् मी."

ज्याच्या हाती आपलं पाणी आहे त्याला हुकूम कसा करायचा, हे भेव काही खोटं नव्हतं.

शेवटी नत्थुजींनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. दोर सोड म्हणून नाही. म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"काहून? काय चुकलं?"

"काही नाही."

"मंग?"

"दोर."

माणिकबाईनं वर पाहिलं. मग मला खाली सोडलं, हलकेच. "एवढं तोंडानं सांगाव ना बावा. मले काय सपन पडते?" आणि पिशवी घेऊन गेली. सांगणं जमेना म्हणून माणूसच काढून टाकलं, असे आमचे मालक.

मग आली शालू. शेजारच्या वाडीतली सून, दोन लेकरांची आई. आजारी माणसाची काळजी कशी घ्यायची याचं शिक्षण अकोल्याला घेऊन आलेली. आल्या आल्या तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हा किती उंचावर पायजे तुमाले, बाबा?"

नत्थुजींना बोलवेना. हातानं दाखवलं. तिनं गाठ सोडून बरोबर तेवढ्यावर बांधली. मला वाटलं, आता भेव संपलं.

पण आमच्याकडे माणूस आलं की आधी माहेर विचारायचं असतं. नत्थुजींनी विचारलं. शालूचं माहेर अकोटच्या तिकडचं निघालं.

"अन् माय कुठली तुही?"

"आई इथलीच ना. या गावची. गंगूबाई."

"मागच्या गल्लीतली गंगू?"

"हो. आई सांगते, नत्थुदादाले राखी बांधो म्हने मी."

नत्थुजींनी एका हातानं मला धरलं, अंग उचललं आणि दुसरा हात पलंगावरून खाली लांबवून शालूच्या पायांना लावला.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्या इकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची तान्ही असो की लेकुरवाळी, सख्ख्या बहिणीची असो की मानलेलीची, ती मामाला देवासारखी. तिनं मामाच्या पायाला हात लावायचा नाही. लावला तर पाप मामाला लागतं, असं जुनी माणसं मानतात. नत्थुजी जुने आहेत.

"मामा, राहू द्या ना," शालू ओशाळली. "मी कामाले आली."

"काम कामाच्या ठिकानी. गुडघ्यापर्यंत तू पाह्य. खाली नाही."

शालूनं मान हलवली. तिच्या आईनंही तिला हेच शिकवलं होतं. शिक्षणात पाय पाहायचे शिकवले होते, पण मामाचे पाय पाहायचे कोणी शिकवलं नव्हतं.

मॅडमना काही सांगायचं नाही, असंही ठरलं. नात्यातलं माणूस चालत नाही, आणि भाची म्हटल्यावर ती काढून टाकली तर? नत्थुजींना घर जायचं भेव, शालूला काम जायचं भेव. दोघं एका भेवानं बांधले गेले आणि पाय उघडे पडले.

पाय धुवायला केशवराव यायचे, बाजाराच्या दिवशी. बादली ठेवायचे, बडबडत धुवायचे, पुसायचे.

"पाय धुतो का भांडे घासतो बे?" नत्थुजी म्हणायचे.

"तुले कुठी समजते? समजलं असतं तर लाथ मारली असती."

दोघंही हसायचे. पण केशवरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. हातानं चाचपून धुवायचे. डाव्या टाचेवर एक लाल चट्टा उठला होता, तो त्यांना दिसला नाही. नत्थुजींना तर दिसायचा प्रश्नच नव्हता. मला दिसला. मी वरून पाहत होतो.

पुढे केशवराव डोळ्याचं ऑपरेशन करायला अकोल्याला लेकीकडे गेले आणि तिथंच राहिले. जाताना म्हणाले, "येतो तवा तुहं थोबाड साफ दिसन मले. दाढी करून ठेव."

त्यानंतर त्या पायांना कोणाचाच हात लागला नाही. नत्थुजींनी त्यांच्याभोवती एक शेला गुंडाळून घेतला, भाचीची नजरही पडू नये म्हणून. शालू रोज अंग पुसायची, पाठ पाहायची, तेल लावायची, कूस बदलायची. गुडघ्याजवळ आली की तिचा हात आपोआप थांबायचा, दारात अडल्यासारखा.

शेला सैल झाला की मला टाच दिसायची. ती गादीवर आडवी टेकलेली असायची, दिवसभर, एकाच जागी. लाल चट्ट्याचा फोड झाला. फोड फुटला. मग तिथं खड्डा पडला आणि खड्ड्याची कड काळी पडायला लागली. आंबा एका ठिकाणी दबला की आतून कसा जातो, तसं. ज्या माणसाचा पाय, त्याला त्याची खबर नाही. ज्या बाईला बरोबर कळलं असतं, ती तिकडे पाहत नाही. आणि ज्याला दिसतं, त्याला तोंड नाही. मी काय केलं असतं? वारा आला की हलायचो. हलून हलून त्या पायाकडे टोक नेऊन पाहायचो. शालू म्हणायची, "वारा सुटला वाटते," आणि खिडकी लावून घ्यायची.

नत्थुजींच्या तळव्यांना ऊब आली. आधी वाटलं उन्हाची असेल. पण ती संध्याकाळीही राहायला लागली.

मग वास आला.

"मामा, वास कायचा येऊन राहिला?"

"उंदीर मेला असन."

शालूनं पलंगाखाली पाहिलं. कणगीमागे पाहिलं. पेट्या ओढल्या, जुनी पोती झटकली. दुसऱ्या दिवशीही तोच वास, तिनं फळीवरचे डबे उतरवले. "कुठी जाऊन मेला मुडदा," असं त्या उंदराला शिव्या देत ती घरभर फिरत होती. आणि फिरता फिरता त्या पायांपासून हातभरावर येऊन परत जात होती. इतकं हसू येण्यासारखं होतं, आणि मला इतकी धडकी भरली होती.

त्या दुपारी ती दळण आणायला गेली. नत्थुजींनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. नेहमी बसायला ओढायचे तेवढं नाही, त्याच्यापुढे. त्यांना काहीतरी शंका आली असणार. एका हातावर तोलून त्यांनी काठीनं शेला सरकवला. सगळा भार माझ्यावर. मयालीला घासून माझा एक पेड आधीच विरला होता. तो तुटला. कडकन नाही, हळूच, धागा धागा सुटत. मी उरलेल्या दोन पेडांवर लटकलो आणि मनात म्हणालो, आता नको, आता सुटू नको.

त्यांना टाच दिसली.

मग काठीनं शेला परत ओढला. आडवे झाले. हात माझ्यावरच होता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोनाले सांगू नको."

मला म्हणाले. दोराला.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला हातातून कळत होतं. शालूला सांगावं, तर ती पायाला हात लावणार. मॅडमना सांगावं, तर त्या विचारणार, पाय कोणी पाहिले नाहीत का, आणि भाचीचं काम जाणार. विपुलला सांगावं, तर संस्था. न सांगावं, तर पाय. चारही बाजूंनी भिंत, आणि मधे तो ताप.

दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा मॅडम आल्या. मला वाटलं, देवच आला. नत्थुजींनी ताप असून दाढी करून घेतली होती, शेला नीट आवळून घेतला होता, आणि शालूनं वास जावा म्हणून उदबत्ती लावली होती.

"कसं चाललंय नत्थुजी?"

"बढिया."

"शालू सगळं वेळेवर करते? काही बदल पाहिजे?"

"काही नाही. लेकीसारखी हाय."

"पाठीला काही जखम वगैरे?"

"पाठ साफ हाय." हे खरं होतं.

मॅडमनी शालूकडे पाहिलं, शालूनं मान हलवली. त्यांनी पायांबद्दल वेगळं विचारलं नाही. पाठ सांभाळणारी बाई पायही सांभाळतच असणार, असं कोणालाही वाटेल. त्या खूश होऊन उठल्या. म्हणाल्या, "बघा, जमलं ना मालक व्हायला?"

त्या दाराबाहेर गेल्या तेव्हा मला वाटलं, आता संपलं. या माणसाला आता कोणी वाचवू शकत नाही, कारण सगळं चांगलं चाललं आहे.

शालू त्यांना फाट्यापर्यंत पोचवून परत आली. दारातच थांबली. खाली पाहत होती. मुंग्यांची रांग भिंतीकडून येऊन पलंगाच्या पायावर चढत होती. तिची नजर रांगेबरोबर वर आली, गादीवर आली, शेल्यापाशी थांबली.

"मामा," ती म्हणाली. "तो उंदीर नाही हाय."

नत्थुजींनी तोंड फिरवलं.

"तुमाले माहीत हाय?"



ती पुढे झाली, हात लांब केला. "हात लावू नको," नत्थुजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण हात थांबला.

"मामा, मले भेव लागून राहिलं. पायाले काही झालं तर लोक काय म्हनतीन? शिकेल बाई घरात होती अन् पाय सडू देला."

"तुह्यावर येऊ देनार नाही मी."

"कसं नाही येऊ देनार? तुमीच नसान तर?"

हे बोलून तीच घाबरली. खाली बसली, पलंगाच्या पायाशी, मुंग्यांच्या शेजारी. पदरानं तोंड पुसलं आणि मग वेगळ्याच आवाजात बोलली, सावकाश.

"मी जबरदस्ती नाही करनार. आंग तुमचं हाय. आमाले हेच शिकवलं, मानूस सांगीन तसं कराचं. आता तुमी सांगा. नाही म्हनान तर मी बाहेर जाऊन आईले फोन लावतो, मॅडमले लावतो, रडतो, पन शेल्याले हात नाही लावत. हो म्हनान तर पाहातो. पन तोंडानं सांगा. गप नका राहू."

नत्थुजींनी मला धरलं. दोन्ही हातांनी, उठायचं नसताना. माझ्या तुटलेल्या पेडाशेजारचे धागे एक एक करून उसवत होते ते मला कळत होतं. मला माझी पर्वा नव्हती. मी फक्त म्हणत होतो, नाही म्हणू नका. चहा घेतला का, असं विचारू नका.

"पाप लागीन," ते म्हणाले.

"कोनाले?"

"मले."

"मंग अर्धं माह्याकडे द्या."

नत्थुजींच्या छातीतून एक आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, मला ओळखता आलं नाही.

"शालू."

"हो मामा."

"पाय पाहून घे माहे. धू. मंग गाडी बोलाव, दवाखान्यात जाऊ."

"अजून?"

"विपुलले आज नको सांगू. उद्या सांगजो."

"ते नाही होनार."

"बरं. आताच सांग."

नत्थुजी त्या दिवशी मालक झाले. माझ्या डोळ्यांसमोर झाले, तापानं फणफणलेले, भाचीसमोर पाय उघडे टाकून.

शालूनं आधी त्या पायांना हात जोडले. मग शेला सोडला. मला तोंड फिरवायला जागा नव्हती, म्हणून मी पाहिलं. तिनं नाक मुरडलं नाही, डोळे मोठे केले नाहीत. फक्त श्वास धरून ठेवला. उकळून निवलेल्या पाण्यानं ती धूत राहिली आणि पाणी बदलत राहिली. एवढं सगळं होऊन तो पाय जरासुद्धा हलला नाही. त्याचंच मला सगळ्यांत जास्त भेव वाटलं.

ऑटो आली. गल्लीतली माणसं आली. नत्थुजी माझ्यावरचा हात सोडेनात. शालू वाकली आणि म्हणाली, "सोडा मामा. आता मले धरा."

त्यांनी सोडलं.

मग घर बंद राहिलं. मी रिकाम्या पलंगावर लटकत राहिलो. भरल्या पलंगावर माणसाच्या वजनाचं भेव असतं, रिकाम्या पलंगावर ते वजन नसल्याचं असतं. दुसरं जास्त जड, हे मी तेव्हा शिकलो.

कुलूप उघडलं तेव्हा शालू होती आणि मागून विपुल. विपुलचा चेहरा ओढलेला, कपडे दवाखान्यातल्या रात्रींचे. दोघांच्या बोलण्यातून मला समजत गेलं. टाचेचं कुजलेलं सगळं कापून काढलं होतं. पाय अजून ठेवला आहे. पण जखम मोठी, रोज पाहावी लागणार. पुन्हा काळं पडलं तर गुडघ्याखालून काढतील, असं डॉक्टर बोलले होते. ताप उतरला होता. आणि पौर्णिमा मॅडमना सगळं सांगून झालं होतं. गावच्या मानलेल्या बहिणीची लेक म्हणजे काही नातं धरत नाहीत, असं त्या म्हणाल्या म्हणे. ज्या भेवापायी टाच गेली, त्यातलं एक भेव उगीचच होतं. पण ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि भेलेला माणूस विचारत नाही.

शालूच्या हातात पिशवी होती. तिनं त्यातून दोर काढला. नवा, पांढरा, नायलॉनचा, पातूरच्या बाजारातून आणलेला.

"हे कायले?" विपुलनं विचारलं. "मी बाबाले अमरावतीले नेऊन राहिलो."

"त्याइनं सांगितलं. जुन्याचा एक पेड तुटला, दवाखान्यातून येच्या आधी नवा बांधून ठेव म्हने. जराक खाली बांधजो म्हने."

"शालू, तू समजून घे. आता परत काही झालं तर कोन पाहीन?"

"मी पाहीन. सकाळी अन् दिवे लागाच्या टायमाले, दोन्ही पाय. पाहून त्याइले तोंडानं सांगाचं, कसा हाय ते. हेबी त्याइनंच सांगितलं."

"तू सांगशीन ते, बाबा सांगतीन ते. अन् मी कोन?"

शालूनं स्टुलावर चढून माझी गाठ सोडायला घेतली. "पगार सरकार देते. काम मामा सांगतात. तुमी पोरगं हा, दादा. तुमी येत जा."

विपुल पलंगावर बसला. जिथं त्याच्या बापाचे पाय असायचे तिथं. मग म्हणाला, "स्टूल हालून राहिलं, थांब, मी धरतो." आणि उठून त्यानं धरलं.

तसा मी खाली उतरलो. शालूनं मला फेकलं नाही, गुंडाळून अंगणात सरपणाच्या ढिगावर ठेवलं. आता इथं पडलेला आहे. एक पेड गेलेला, दोन विरलेले. पावसात कुजेन, नाहीतर चुलीत जाईन. त्याचं काही नाही, अंबाडीचं तेवढंच आयुष्य असतं.

उघड्या दारातून मला तो नवा दोर दिसतो. गुळगुळीत आहे, घामानं निसटेल की काय असं वाटतं. त्याला एवढंच सांगतो की बाबा, या माणसाचे हात गरम लागले तर समजून जा.

आणि तुम्हाला सांगायचं ते असं. तुमच्या घरी कोणी निजून असेल, तर पांघरूण पायाकडून उचलून पाहत जा. तो नाही म्हणेल, लाजेल, नातं सांगेल, पाप सांगेल. तरी विचारा. आणि निजलेले तुम्ही असाल, तर सांगा. सांगितल्यावर काय होईल याचं भेव मोठंच असतं, मी त्या भेवाच्या वरच लटकत होतो, मला माहीत आहे. तरी सांगा.

नत्थुजींना आज घरी आणणार आहेत म्हणे. शालूनं सकाळपासून गादीवर मऊ उशी करून ठेवली आहे, टाच टेकू नये म्हणून. विपुल त्यांना आणायला दवाखान्यात गेला आहे. पुन्हा डॉक्टरांनी पाहून मगच सोडायचं असं ठरलं आहे, आणि टाच पाहिल्यावर ते काय म्हणाले ते इथं अजून कोणाला माहीत नाही. रस्त्यावरून ऑटो जातात. प्रत्येक आवाजाला शालू दारात येते आणि माझे उरलेले दोन पेड ताणून धरल्यासारखे होतात. आताही एक येते आहे. वळणावर हळू झाली आहे.